पुढचं पुढं बघू

कापूरहोळच्या फाट्यावर कुणालाही विचारा, गाडीत ऑईल कुठं असतं? तो बॉनेटकडं बोट दाखवील आणि चहा प्यायला लागेल. माझ्या गाडीत ते पाच ठिकाणी आहे. इंजिनात, गिअरबॉक्सात, चारही चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये, आणि गाडीखाली मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक अन् पुढच्या दोन चाकांच्या मधोमध एक असे जे लोखंडी गोळे असतात त्यांत. त्या गोळ्यांना मेकॅनिक डिफ्रन्सल म्हणतात. एक मागचा, एक पुढचा. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं रामायण त्या दोन शब्दांवरून घडलं.

मी जनावरांची डॉक्टर. राहते भोरला, फिरते वेल्ह्याच्या डोंगरात. तिथल्या वरच्या वाड्यांवर डांबर कधी पोचलं नाही, म्हणून मी जुनी फोर बाय फोर घेतली. घेतली तेव्हा सगळ्यांनी नवऱ्याचं अभिनंदन केलं. त्याला गाडी चालवता येत नाही. तो कॉलेजात मराठी शिकवतो, आणि रिव्हर्स गिअर म्हणजे काय हे त्याला अजून पुरतं पटलेलं नाही.

कापूरहोळचा मेकॅनिक मात्र त्याच्याशीच बोलायचा. गाडी मी न्यायची, काय होतंय ते मी सांगायचं, कुठून आवाज येतो ते मी वाकून दाखवायचं, हा गडी मान डोलवायचा आणि म्हणायचा, "सायबांना फोन करून सांगतो." मी एकदा म्हटलं, अहो, सायबांना स्टेपनी कुठं असते ते विचारून बघा. तो हसला. लई गोड हसतो. पण फोन सायबांनाच गेला.

तसा त्याचा एकट्याचा दोष नाही. रविवारी पानशेतच्या बाजूला एखादं गाईगुरांचं काम निघालं की रस्त्यावरच्या हॉटेलांपुढं पुण्याच्या गाड्यांची जत्रा असते. माझ्यासारख्याच फोर बाय फोर, पण नवरीसारख्या नटलेल्या. छताला फावडं बांधलेलं, पुढं लाल दोर, बॉनेटच्या बाजूनं वर गेलेली काळी नळी. पाण्यात बुडाली तरी गाडीला श्वास घेता यावा म्हणून ती नळी. गाडी उभी मिसळीच्या दुकानासमोर. टायरच्या खाचांत चिखल नावाला नाही. त्यांतला एक जण मला म्हणाला, "मॅडम, तुम्हाला जमतं हो फोर बाय फोर?" माझा हात तेव्हा कोपरापर्यंत शेणानं माखलेला होता, आणि मी नदीतून गाडी घालून आले होते. मी म्हटलं, "जमतं की. तुमच्या पुढच्या डिफ्रन्सलचं ऑईल कधी बदललंत?" तो भांबावला. "ते... सर्व्हिसिंगला बघतात," म्हणाला. काय हसले मी त्याला! घरी येऊन नवऱ्याला सांगून पुन्हा हसले. माझं स्वतःचं ऑईल कधी बदललं होतं हे मला तरी कुठं ठाऊक होतं? तेही सर्व्हिसिंगलाच बघत होते.

उन्हाळ्याच्या शेवटी मी गाडी कापूरहोळला सोडली आणि बजावून सांगितलं, पाचही ठिकाणचं ऑईल बदला. गेल्या वर्षभरात गाडी ओढ्यांतून किती वेळा गेली त्याला हिशेब नव्हता, आणि पाणी आत शिरलं की ऑईल नासतं. मेकॅनिक म्हणाला, "व्हय, सगळं करतो." मग त्याला हवा होता तसा योग जुळून आला. मी लसीकरणात अडकले आणि गाडी आणायला नवरा गेला, शेजाऱ्याला चालवायला घेऊन.

संध्याकाळी मी विचारलं, "काय म्हणाला?"

"मागचं सगळं झालंय म्हणाला. पुढचं पुढं बघू म्हणाला."

आता सांगा, यात कुणाला काय खटकणार? मागचं झालं, म्हणजे राहिलेली कामं उरकली. पुढचं पुढं बघू, म्हणजे पुढची सर्व्हिसिंग वेळ आली की करू. किती शहाणा माणूस, असं मला वाटलं. नवऱ्यालाही तसंच वाटलं. खाली वाकून एक नट बघायचा, त्याला ताजी पुसल्याची खूण आहे का बघायची, एवढं कुणी केलं नाही. मी तर जनावराच्या तोंडात हात घालून दात मोजणारी बाई. गोठ्यात कुणी म्हणालं, औषध पाजलंय, तर आधी रिकामी बाटली दाखवा म्हणणारी. पण गाडीच्या बाबतीत म्हटलं, झालं म्हणतोय ना, मग झालं.

गौरी-गणपती उरकले आणि त्यानंतरच्या एका सकाळी फोन आला. वरच्या वाडीवरची बाई. धनगराचं घर, शेरडं बरीच, पण म्हैस एकच दुभती. तीन माणसांचं त्या घरात वर्ष त्या एका म्हशीवर निघायचं. बाई शाळेत गेलेली नाही. फोनला रेंज मिळावी म्हणून ती पठाराच्या टोकाला येऊन उभी होती, आणि वाऱ्यात तिचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येत होता.

"बाई, म्हस अडलीया. म्या हात घालून बगितलं. पुढचा एक पाय भाईर हाय, तोंड हाताला लागतंय. पुढचा दुसरा पाय मागं मुडपलाय. पारडू जितं हाय, माझं बोट चोखलं त्यानं."

याहून चांगलं निदान मला माझ्याकडं शिकायला येणाऱ्या व्हेटर्नरी कॉलेजातल्या पोरांनी कधी दिलेलं नाही. मी म्हटलं, "शाब्बास. आता मी सांगते ते ऐका. मी येईपर्यंत कुणाला ओढू देऊ नका. पाय सरळ केल्याशिवाय ओढलं तर म्हशीची पिशवी फाटेल. पाऊण तासात पोचते."

"व्हय," ती म्हणाली. "न्हाई वडत. तुमी या."

ओढ्यापर्यंत नीट गेले. ओढा ओलांडला, खालची चढण चढले. वाडीच्या आधी शेवटचा चढ आहे, लाल मातीचा, पावसानं निसरडा झालेला. तिथं चारही चाकं लावल्याशिवाय गाडी जात नाही. मी दांडा ओढला, चाकं लागली, गाडी अर्धा चढ चढली. मग खालून खरखर सुरू झाली, जात्यात खडा सापडावा तशी. मी म्हटलं, चल गं बाई, एवढं एक वळण. तेवढ्यात काड्कन आवाज झाला. पुढच्या चाकांतला जीव गेला आणि गाडी मागं घसरत येऊन बांधाला टेकली. खाली वाकून बघितलं तर पुढच्या गोळ्यातून पांढुरकं काहीतरी ठिबकत होतं, जास्त दूध घातलेल्या चहासारखं. मातीत पडल्यावर त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता.

बॅग खांद्याला मारली आणि चालत सुटले. चढ संपला की वाडीपर्यंत लांबलचक पठार, पायी तास-दीड तास लागतो. वाडीत फोनला रेंज नाही. चालता चालता मी मोठ्यानं शिव्या देत होते. आधी मेकॅनिकला, मग नवऱ्याला, मग पानशेतच्या त्या नळीवाल्याला, ज्याचा यात काही संबंध नव्हता. अर्ध्या वाटेत शिव्या संपल्या. मग मला भीती वाटायला लागली. कारण ती बाई मी सांगितलं तसंच करणार होती. तिनं कुणाला हात लावू दिला नसणार.

तसंच होतं. सासरा दोर घेऊन उभा होता आणि ती म्हशीच्या मागं, दोन्ही हात पसरून. "बाई म्हनल्या वडायचं न्हाई," एवढंच सगळ्यांना सांगत होती. मला बघून तिनं वाट दिली, उशीर का झाला विचारलं नाही. मी हात घातला. पिल्लू मागं ढकललं, मुडपलेला पाय शोधून सरळ केला, दोरी लावली, ओढलं. दहा मिनिटांचं काम. दहाच मिनिटांचं! पारडू बाहेर आलं आणि मी त्याच्या नाकात काडी घातली, छाती चोळली, मागचे पाय धरून उलटं टांगलं. काही उपयोग झाला नाही. डोळ्याला बोट लावलं तरी पापणी हलली नाही.

म्हैस वाचली. बाईनं पदरानं पिल्लाचं अंग पुसलं, शेपटी उचलून बघितली आणि म्हणाली, "पारडी व्हती."

बस्स, एवढंच. तिनं रडून गोंधळ घातला असता तर बरं झालं असतं. मी मात्र हात धुवायला म्हणून हौदावर गेले आणि तिथं रडले.

दोन दिवसांनी गाडी ट्रॅक्टरनं ओढत कापूरहोळला आणली. मी नुसती पेटलेली होते. मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "मॅडम, म्या सायबांना सांगितलं व्हतं की. मागचं झालं, पुढचं पुढं बघू. पुढच्याचा वरचा नट गंजून जाम झाला व्हता. खालचा खोलून ऑईल काढलं आसतं आन् वरचा उघडलाच न्हाई, तर नवं भरायचं कुठनं? गाडी हितंच बसली आसती. म्हनून म्हनलं, पुढचं निवांत बगू."

खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. भरायचं भोक उघडतंय का हे आधी बघायचं, मगच खालून ऑईल काढायचं, हा त्या कामातला पहिला नियम, आणि त्यानं तो पाळला होता. त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं. अक्षरही बदललं नव्हतं. फक्त ते वाक्य जिला गाडीखाली बोट दाखवून सांगायचं, तिला सोडून सायबांना सांगून झालं होतं.

नवऱ्याला मी हे ऐकवलं तर तो बिचारा सवयीनं म्हणाला, "बघ ना, 'पुढचं' हा शब्द मराठीत किती विलक्षण आहे. जागाही दाखवतो आणि काळही." मी हातातली ताटली आपटली. म्हटलं, हे वर्गात शिकवा. वाडीवर जाऊन नका शिकवू.

दुरुस्ती झाली तेव्हा मी गॅरेजात जमिनीवर पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरले. मेकॅनिक ओशाळला. "मॅडम, कापडं खराब व्हतील." म्हटलं, माझ्या कपड्यांनी यापेक्षा वाईट बघितलंय, तुम्ही पाना धरा. एकेका ठिकाणी आधी वरचा नट, मग खालचा. मागच्याचं ऑईल काढलं, ते मधासारखं स्वच्छ. मागचं खरंच झालेलं होतं, मेल्यानं काम चोख केलं होतं! नव्यानं बसवलेल्या पुढच्या गोळ्यात वरच्या भोकातून बाहेर सांडेपर्यंत ऑईल भरलं, मी बोट घालून बघितलं, मगच नट आवळू दिला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलतो. सायबांना फोन करत नाही. एवढ्यासाठी एक पारडी जावी लागली.

मग म्हैस तपासायला म्हणून वर गेले. लाल चढ गाडी सरसर चढली, आणि मला त्याचा आनंद झाला नाही. म्हैस बरी होती, दूध देत होती. मेलेल्या पारडीचं भुसा भरलेलं कातडं पुढं ठेवलं की पान्हा सोडत होती. मी बाईला सगळं सांगून टाकलं. ऑईलचं, नटाचं, कोण काय म्हणालं ते. म्हटलं, "चूक माझी आहे. मी वाकून बघायला हवं होतं. आणि तुम्हाला ओढू नका म्हणून सांगून मी..."

तिनं मला बोलू दिलं नाही. "मागचं ऱ्हाऊ द्या आता, बाई," म्हणाली आणि गोठ्याच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथं एक तरणी वगार, अजून एकदाही न व्यालेली म्हैस, बांधलेली होती, पोट नुकतं दिसायला लागलेलं. "ही पुढची. माघात व्याईल."

"येईन मी," मी म्हटलं. "गाडी आता नीट झालीय. नक्की येईन."

"या की. पर तुमी येस्तोवर म्या थांबनार न्हाई." ती रागानं बोलत नव्हती. भाकरी झाली म्हणावं तसं बोलत होती. "पाय मागं मुडपला तर सरळ कसा करायचा, ते मला शिकवून ठिवा."

मी बॅग उघडली. खांद्यापर्यंतचे हातमोजे दोन होते. एक मी घातला आणि एक तिला दिला.