पाच पाण्यांचा तंबाखू

माझ्या मामाजींचा तंबाखू इतका कडक होता की डबीचं झाकण उघडलं की ओसरीवरच्या कोंबड्या शिंकायच्या. कोंबडी शिंकत नाही असं ज्याला वाटतं, त्याने आमच्या कोंबड्या पाहिलेल्या नाहीत. एकदा त्यांनी चिलमीची राख पपईच्या बुडाशी झटकली, तर त्या साली पपई कडू निघाली, आणि ती खाल्लेला एक पाहुणा दिवसभर आपल्या बायकोला ‘आई’ म्हणून हाका मारत फिरला.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला असंच म्हणतात. पवनीच्या पलीकडे, जंगलाला खेटून आमच्या धानाच्या सहा बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, आहेत. शेवटच्या बांधीला लागून मामाजींच्या जोडीदाराची, म्हणजे जिवाभावाच्या मित्राची, बांधी. या दोघांनी चाळीस वर्षं एकच चिलीम ओढली. दोन दम याचे, दोन दम त्याचे, मध्ये बांध. जोडीदाराला दमा होता. श्वास घेताना त्याच्या छातीतून सुईंऽऽ सुईंऽऽ असा आवाज यायचा, आणि तो आवाज चार बांध्या ओलांडून आमच्या चुलीपर्यंत ऐकू यायचा. हे मात्र मी फुगवून सांगत नाही. फार तर तीन बांध्या.

मागच्या उन्हाळ्यात मामाजींच्या छातीत कळ आली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात आठ दिवस होतो. त्याच आठ दिवसांत इकडे जोडीदार गेला. मामाजींना त्याला खांदा देता आला नाही. ही गोष्ट त्यांनी एकदाही तोंडातून काढली नाही, पण गावात परतल्यावर घरी न येता ते आधी बांधावर जाऊन बसले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, “चिलीम बंद. रोज गोळी. पुढच्या वेळी इथवर पोचणार नाही तुम्ही.”

मी बाजूला जाऊन विचारलं, “साहेब, कमी केली तर?”

“कमी नाही. बंद.”

मामाजींनी डॉक्टरांसमोर मान हलवली. ती मान दवाखान्याच्या फाटकापर्यंतच टिकली. घरी आल्यावर म्हणाले, “सूनबाई, गोळी खातो. पण चिलीम बंद केली तं मी तसाई मरतो. मंग कायले उगाच हालहाल?”

आता माझं माहेर सिहोऱ्याकडचं, बिड्या वळणाऱ्यांचं. लहानपणी माझी बोटं अशी चालायची की सुपावर माशी बसली तर तिचीही बिडी वळून जायची. तंबाखूची खोड मला ठाऊक होती. घामेजल्या हातांनी दिवसभर जर्दा चिवडला की डोकं गरगरतं. संध्याकाळी आई हात धुवायची, ते पाणी जिथं पडे तिथं मुंग्या मरत. म्हणजे तंबाखूचा जोर पाण्यात उतरतो. तो पाण्यात उतरला तर मामाजींच्या छातीत कमी जाईल, असा माझा हिशोब. चोरून धुवायचं ठरवलं.

कोमट पाण्यात तंबाखू तासभर भिजवला. पाणी काळ्या चहासारखं झालं. ते मी न्हाणीच्या मागे फेकलं. थोड्या वेळाने गांडुळं वर आली आणि खाली गेलीच नाहीत. त्या कोपऱ्यात रोज किर्र करणारा किडा त्या दिवशी गप्प झाला आणि अजून गप्प आहे. पिळलेला तंबाखू सुपात पसरून सावलीत वाळवला. आठवड्याने दुसरं पाणी, मग तिसरं. मामाजींच्या डबीतला तंबाखू भुशासारखा झाला. चव गेली, वास गेला. म्हाताऱ्याने ओळखलं असतं तर मला नेसत्या लुगड्यानिशी सिहोऱ्याला परत धाडलं असतं. म्हणून मी चलाखी केली. वाळकी मोहफुलं उकळली, त्यांचं दाट गोड पाणी तंबाखूवर शिंपडलं, मुरवलं.

मामाजींनी पहिला दम घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. “तंबाखू बदलला का वं बाई?”

“पवनीहून नवा आणला जी. मधातला हाय म्हणे.”

“गोड लागते.” त्यांनी आणखी एक दम घेतला. “बरा हाय.”

दसऱ्यापर्यंत मी पाच पाण्यांवर आले. मामाजींचा खोकला थांबला, भात दोनदा मागून घेऊ लागले, आणि मी स्वतःला भंडाऱ्याच्या डॉक्टरपेक्षा थोडी वरची समजू लागले.

धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, की रानडुकरं उतरतात. मामाजी दुपार कलली की शेवटच्या बांधीवरच्या मचाणावर बसायचे, चिलीम ओढायचे, चार आरोळ्या ठोकायचे आणि दिवेलागणीला घरी यायचे. जोडीदार गेल्यापासून त्यांनी एक रीत धरली होती. चिलीम पेटवली की आधी ती बांधावर, जोडीदाराच्या बाजूला, मातीत उभी रोवायची. दोन दमांइतका वेळ थांबायचं. मग उचलून, चिलमीच्या बुडाला गुंडाळायचं छापीचं फडकं ओलं करून, स्वतः ओढायची.

एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर मचाणाखाली बांधावर बसलेल्या मामाजींनी दुरूनच हाताने थांब म्हटलं. चिलीम बांधावर उभी होती. वारा पडला होता, तरी धूर सरळ वर जायच्या ऐवजी पलीकडच्या उंच गवताकडे झुकत होता. बोडीतले, म्हणजे बांधीलगतच्या तळ्यातले, बेडूक गप्प, टिटवी गप्प. आणि गवतातून आवाज आला. सुईंऽऽ. थांबला. सुईंऽऽ.

माझ्या अंगावर असा काटा आला की त्यावर धुणं वाळत घालता आलं असतं.

“आयकलं ना?” मामाजी कुजबुजले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लग्नघरी पाहुणे उतरल्यावर असतो तसा आनंद होता. “चार दिस झाले, येऊन रायला. त्याले गोड तंबाखू आवडला. जित्तेपणी हाका माराव्या लागे, आता आपल्या मनानं येते.”

“मामाजी, घरी चला.”

“दम तं घेऊ दे त्याले.”

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. आवाज रोज जवळ येत होता. पहिल्यांदा गवतात होता. दोन दिवसांनी गवताच्या अलीकडे, मग बांधाला लागून. एकदा तर चिलमीच्या इतक्या जवळ आला की श्वास आत ओढला जाताना चिलमीतला निखारा लाल झालेला मी पाहिला. दिसत काही नव्हतं. संध्याकाळचं धुकं आणि गवत, एवढंच.

एका सकाळी मामाजींचं अंथरूण झटकताना उशीखालून गोळ्यांचं पाकीट निघालं. दहा दिवसांच्या गोळ्या जशाच्या तशा.

“मामाजी, गोळी काहून नाई खाल्ली?”

“कायले खाऊ?” ते दाढी करत होते, आरशातूनच बोलले. “मी त्याले खांदा नाई देला, तरी तो रागावला नाई. मले न्यायले आला. धान कापून झालं की जातो.”

नागपूरची बस धरायची असावी तसं ते ‘जातो’ म्हणाले. “माहं पांढरं धोतर पेटीतून काढून ठेवजो. उन्हात टाक, कसर लागली असन.”

मी धोतर काढून उन्हात टाकलं. मामाजींचं काळीज वाचवायला मी तंबाखू धुतला होता, आणि ते तर मरायला आनंदाने तयार होऊन बसले होते.

भर दुपारी मी एकटी जोडीदाराच्या बांधीत गेले. हातात थाळी आणि पळी, वाजवायला. गवतामागचं वारूळ ताजं उकरलेलं होतं. जवळ बिया बिया दिसणारी विष्ठा, आणि बोरीच्या काट्याला काळ्या राठ केसांचा झुपका. मी आपल्याच हाताचा वास घेतला. मोहाचा वास. महिनाभर धुतला तरी जात नव्हता.

अस्वल. मोहाच्या वासाला अस्वल कोसभरावरून येतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल, आणि मी त्याला रोज संध्याकाळी आमंत्रण धाडत होते. नाक फेंदारून हुंगतं, त्याला मामाजी जोडीदाराचा दम समजत होते. आमच्या भागात माणूस वाघाला एकदा भितो आणि अस्वलाला दहादा. आणि मामाजी त्याच्यासाठी चिलीम पेटवून हाताच्या अंतरावर बसत होते.

सांगायलाच हवं होतं. घरी गेले, ओसरीवर त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. पाणी, मोह, अस्वल.

मामाजींनी डबी उघडून हुंगली. मग म्हणाले, “माह्या चिलमीत हात घातला तू?”

“घातला जी.”

“कितीदा धुतला?”

“पाच पाणी.”

“मंग इतके महिने मी ओढलो काय?”

“भुस्सा, मामाजी.”

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांचा खालचा ओठ हलला, आणि एवढा आडदांड माणूस मला पहिल्यांदाच म्हातारा दिसला. “अस्वल असन तं असो,” ते म्हणाले. “पण दम त्याचाच हाय. चाळीस वर्सं आयकला मी. तू काल आलेली पोरगी, तू मले सांगतं?”

“मंग पारखून पाहा. उद्या धुतलेला नाई, जुना तंबाखू भरतो. मोह-बिह काई नाई. अस्वल असन तं येणार नाई. आला तं तुमचा जोडीदार, मी धोतराले इस्त्री करून देतो.”

“अन् नाई आला तं?”

“तं गोळी. रोज. माह्या डोळ्यासमोर.”

त्यांनी विचार केला. “ठीक हाय. पण जुना तंबाखू तं डॉक्टरनं—”

“तुमाले कोण देते? मी ओढतो.”

“तू?”

“मी.”

दुसऱ्या दिवशी हात तीनदा राखेने घासले, कपडे बदलले, आणि सूर्य जंगलाआड जायच्या सुमारास आम्ही मचाणावर बसलो. मामाजी जोडीदाराच्या बांधीकडे तोंड करून, मी त्यांच्या बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून, माझ्या पाठीमागे आमचं धान. पाण्याची बाटली चढताना खालीच, शिडीच्या पहिल्या खुंटीला अडकवून ठेवली होती. मामाजी चिलीम भरून, पेटवून बांधावर उभी करून आले. दोन दम थांबलो. मग मी उतरले, चिलीम घेऊन परत चढले आणि ओढली.

बिडीच्या घरात जन्मलेली मी, पण तो दम छातीत गेला आणि मचाण सुटलं. सूर्य मावळला, पुन्हा उगवला, पुन्हा मावळला. माझे पाय बोडीपर्यंत लांब झाले आणि परत आले. दुसऱ्या दमाला तोंडात पाणी सुटलं, कपाळावर गार घाम आला. मी दात आवळून बसले.

मामाजी मान पुढे काढून ऐकत होते. त्यांचा हात छातीवर होता. पलीकडचं गवत हलत नव्हतं. बेडूक ओरडत होते, टिटवी ओरडत होती, सगळं आपल्या जागी होतं. त्यांच्या कानशिलावरची शीर उडताना मला दिसत होती. ते वाट पाहत होते. माझ्या सासऱ्याने आयुष्यात कोणाची इतकी वाट पाहिली नसेल.

आणि आवाज आला.

गवतातून नाही. माझ्या पाठीमागून, आमच्या धानातून. सुईंऽऽ. बेडूक अजून ओरडतच होते. सुईंऽऽ. माझ्या मानेवरच्या बारीक केसांना ऊन वाफ लागली. तिथं मचाणाला टेकू नाही, फक्त हवा आहे, खाली पुरुषभर खोल. मला वास आला. मोहाचा नाही, जनावराचा नाही. छातीला चोळायच्या बामचा, निलगिरीचा. जोडीदार थंडीत आला की ओसरीभर तोच वास सुटायचा.

कडक तंबाखू डोक्यात चढला की माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं. हे मला माहीत आहे. तुम्ही सांगायची गरज नाही.

मी मामाजींकडे पाहिलं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते अजून गवताकडेच पाहत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला.

“नाई आला,” ते म्हणाले.

त्यांनी छातीवरचा हात खाली घेतला.

“सूनबाई, तुझे कान तरणे हायेत. तुले काई आयकू आलं का?”

आवाज थांबला. श्वास सोडून नाही. आत ओढून, धरून. माझ्या मागे कोणीतरी माझ्या उत्तराची वाट पाहत थांबलं होतं.

आजवर मी ढीगभर थापा मारल्या. सगळ्या हसवायला, कौतुक करून घ्यायला.

“नाई जी,” मी म्हणाले. “काई नाई आलं आयकू. अस्वलच होतं ते.”

मामाजींनी मान खाली घातली.  मग धोतराच्या कनवटीतून गोळी काढली, तळहातावर ठेवली आणि तिच्याकडे पाहत राहिले. “पाणी दे,” ते म्हणाले.

बाटली खाली, शिडीच्या खुंटीला होती. मला उतरायचं धैर्य नव्हतं आणि वळायचंही नव्हतं. नुसतं त्यांना दिसावं म्हणून, बाटली शोधत असल्यासारखा मी हात मागे नेला.

बाटली हाताला लागली.

मी ती पुढे घेतली, झाकण काढलं आणि त्यांना दिली. मामाजींनी गोळी जिभेवर ठेवली, दोन घोट प्यायले, आणि ती घशाखाली उतरेपर्यंत मी त्यांच्या गळ्याच्या गाठीवरून नजर हलवली नाही.