तपासणीच्या दिवसाचे वाचक

आमच्या गावच्या वाचनालयात बायका वर्षातून एकदाच जायच्या, तेही बोलावलं म्हणून. जिल्ह्याहून तपासणीला साहेब यायचे. त्यांना महिला वाचक दिसल्या तरच सरकारी अनुदान चालू राहायचं. मग आदल्या दिवशी वाचनालयाचे सचिव आमच्या वस्तीवर निरोप धाडायचे, की बायांनी चांगली लुगडी नेसून यावं आणि पाणी द्यायला एखादी पोरगी आणावी. पाणी द्यायला मी असायची.

रांजणगावला नुकते कारखाने उभे राहत होते तेव्हाची ही गोष्ट. शिक्रापूरहून पाबळकडं जाताना लागणारं आमचं गाव. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीला लागून एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि एक लांब टेबल. वर्तमानपत्रं बाहेर ओट्यावर वाचली जायची आणि ओटा पुरुषांचा. आत जायचं तर त्यांच्या पसरलेल्या पायांवरून जावं लागे, म्हणून बाई तिकडं फिरकायचीच नाही. कपाटांना बारमाही कुलूप. लोकांना पुस्तकं दिली की ती फाटतात, हरवतात, मग तपासणीला मोजून कशी द्यायची, असं सचिवांचं म्हणणं. पुस्तकांची अशी काळजी घेणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. एकाही पुस्तकाला कुणाचा हात लागू दिला नाही त्यानं.

माझी आई तेव्हा नुकती वाचायला शिकली होती. तिचं माहेर दौंडकडचं. लहानपण मेंढरांमागं गेलं, त्यामुळं शाळा कधी वाट्याला आलीच नाही. गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा वस्तीवरच्या बाया हसत-खिदळत गेल्या आणि आठवड्यात गळाल्या. आई टिकली. शेणानं भरलेल्या हातानं ती गोठ्याच्या भिंतीवर अक्षरं काढायची. एकदा आम्ही मामाकडं निघालो होतो. शिक्रापूरच्या स्टँडवर गाडी लागली आणि आई पाटीसमोर उभी राहिली. ‘दौं’वर अडली, मग ‘ड’ जुळवलं, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचलं. तोवर गाडी सुटली. मी रडकुंडीला आले, पण आई हसत होती. “जाऊ दे गं,” म्हणाली, “आपली गाडी व्हती हे तर कळलं.”

मग वर्ग संपले. वर्गात मिळालेली एक पुस्तिका होती, ती तिनं इतकी वाचली की पानं सुटी झाली. शिकवणाऱ्या बाईंनी जाताना बजावलं होतं, “वाचनालयातून पुस्तकं न्या. वाचत राहिला नाहीत तर सगळं पुसून जाईल.” आईनं ते मनावर घेतलं. घरात माझी शाळेची पुस्तकं होती, पण त्यांना ती हात लावायची नाही. तुझं पान फाटलं तर मास्तर मारतील, म्हणायची. शिवाय आज्जीच्या लेखी पुस्तक घेऊन बसलेली सून म्हणजे काम नसलेली सून. मी म्हटलं, मी वाचून दाखवते. त्यावर ती एवढंच म्हणाली, “मला ऐकायचं न्हाई. वाचायचंय.”

पहिल्या तपासणीला आई सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. सचिवांनी आधी हजेरीच्या वहीवर सह्या घेतल्या. वर्षभर बाया येत होत्या असं दिसायला हवं, म्हणून एका बैठकीत बारा महिन्यांच्या सह्या. मग कपाट उघडलं आणि हाताला येईल ते पुस्तक एकेकीपुढं ठेवलं. आईच्या वाट्याला कोंबड्या पाळण्याचं पुस्तक आलं. साहेबांनी कौतुकानं वाचायला सांगितलं. आईनं बोट ठेवून, अडखळत, जोडाक्षरांना दम घेत अख्खं पान वाचलं. साहेब म्हणाले, वा. ते चहाला गेल्यावर आई सचिवांना म्हणाली, “भावजी, एवढं घरी न्हिऊ द्या की. पुढं कोंबड्यांचे रोग दिलेत.”

“वहिनी, पुढच्या वेळी आणखी चांगलं देतो,” सचिव म्हणाले आणि पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं. कुलूप लागलं.

पुढच्या वेळी म्हणजे पुढच्या वर्षी. मधल्या काळात आई जे मिळेल ते वाचायची. पुड्यांचे कागद, खताची गोणी, लग्नपत्रिका. पण कांदा काढणीला आला की दोन-दोन महिने अक्षर डोळ्यांपुढं यायचं नाही. त्या वर्षीच्या तपासणीला ती अर्ध्या पानावर थांबली आणि चष्मा लागला म्हणाली.

त्यानंतरच्या वर्षी मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागंच उभी होते. सह्या झाल्या. आईची सही आता झरझर व्हायची. पुढं पुन्हा कोंबड्यांचंच पुस्तक होतं. साहेब नवे होते, त्यांनीही तेच सांगितलं, वाचा बघू. आईनं पानावर बोट ठेवलं. बोट पहिल्याच अक्षरावर अडून राहिलं. टेबलाच्या टोकाला बसलेले सचिव खाकरले. आणि आई एकदम घडाघडा म्हणू लागली, “गावात नळ आला. नळाला पाणी आले. कमल पाणी भरते.”

ते त्या सुट्या झालेल्या पुस्तिकेतलं होतं. बोट कोंबड्यांच्या खुराड्यावरून सरकत होतं आणि तोंडून नळाचं पाणी येत होतं. बाकीच्या बायांना काही कळलं नाही. साहेब घड्याळ बघत होते. “छान, अगदी अस्खलित,” ते म्हणाले. आईनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली घातली. माझ्या आईला शरमेनं मान खाली घालताना मी तेवढं एकदाच पाहिलं. मला त्या खोलीला आग लावावीशी वाटली. अजूनही वाटते.

वाचनालयाचा दर्जा वाढला. वर मजला चढला. पुढं माझं लग्न दौंडला झालं. मी माहेरी गेले असताना एकदा वाचनालयाचा समारंभ होता आणि त्यात आईचा सत्कार ठेवला होता, आदर्श महिला वाचक म्हणून. शाल, नारळ आणि कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक. तिनं मिळाल्याची सही केली, सुंदर, एका दमात. वाचनालयात ती एवढंच गिरवून आली होती.

दुसऱ्या दिवशी मला गाडीत बसवायला ती शिक्रापूरपर्यंत आली. स्टँडवर गाडी लागली. आई पाटीसमोर उभी राहिली, डोळे बारीक करून. मी मुद्दाम पाटी वाचून दाखवली नाही, वाट पाहिली. तिनं शेजारी उभ्या असलेल्या, कंपनीच्या कपड्यातल्या पोराला विचारलं, “बाळा, कुठली रं गाडी?”

“दौंड, मावशी.”

“मग आपलीच हाय,” आई म्हणाली आणि माझी पिशवी उचलली.