पखुर्डीमामांची पाण्याची परीक्षा

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना मुलीनंच पाणी द्यायचं, ही रीत आमच्या मामांनी कधी मानली नाही. मंडळी बसली की ते थेट नवऱ्या मुलालाच उठवायचे. "बापू, सगळ्याईसाठी पानी आनता का जरा? समोरच्या घरून आना. आमचा नळ बंद हाय." नळ बंद नसायचा. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवलेलं असायचं. भरल्या पेल्यांचा ट्रे घेऊन मुलगा गल्ली ओलांडायचा आणि मामा खिडकीतून त्याची चाल बघत बसायचे.

मामा आदिलाबादकडच्या बेल्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर राहणाऱ्या पखुर्डी पक्ष्यांचं त्यांना वेड होतं, म्हणून साऱ्या पंचक्रोशीत ते पखुर्डीमामा. कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा हा पक्षी. झाडावर बसत नाही, घरटं बांधत नाही. जमिनीत एक खळगा, तेच त्याचं घर. "दिवसा मादी अंडे उबवते, तिचा रंग मातीत मिसळून जाते. रातच्या थंडीत नर बसते," मामा वर्गात सांगायचे आणि मग मुलांकडे वळायचे. "तुमच्या घरी रातचं लेकरू रडलं तं कोन उठते रे?" मुलं खाली बघायची, मुली हसायच्या.

आदिलाबादची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना ती सांगायला नको. दिवाळीपासून होळीपर्यंत मामांच्या पायात लोकरीचे मोजे असायचे, अगदी झोपतानाही. आई त्यांची धाकटी बहीण, ती चिडवायची, "दादा, लग्नात तरी काढत जा ते!" मामा गंभीरपणे म्हणायचे, "लडाखातल्या पखुर्डीले बोटापर्यंत पिसं असतेत. मले देल्ले नाहीत निसर्गानं. मी काय करू?"

एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर ते मला पहाटे मोटारसायकलवरून माळावर घेऊन गेले. उजाडल्यावर बऱ्याच वेळानं एका डबक्याकाठी थवा उतरला. सगळे घोटभर पाणी पिऊन उडाले. एक नर मागे राहिला. पोटापर्यंत पाण्यात बसून तो अंग वरखाली घुसळत होता. मला वाटलं, आंघोळ करतो आहे. "पानी भरून राह्यला," मामा कुजबुजले. त्याच्या पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात. पिल्लं जन्मल्या दिवसापासून दाणे स्वतः टिपतात, पण कोरड्या दाण्यांनी तहान भागत नाही, आणि उडता तर येत नाही. मग बाप मैलोन्‌मैल उडत जातो, पोट भिजवून परत येतो, आणि पिल्लं त्याच्या पिसांतून पाणी ओढून पितात. "वाटंत अर्धं वाळून जाते," मामा म्हणाले, "पन उरलं तेवढं पुरते."

त्यांच्या परीक्षेचं मूळ तिथं होतं. पण तिची गंमत इतरांच्या बाबतीतच वाटायची. माझी दोन स्थळं त्या ट्रेपायी परत गेली, तेव्हा आईनं भावाशी अबोला धरला. तिसरं स्थळ आलं ते इंद्रवेल्लीला कारकून असलेल्या एका अबोल मुलाचं. आल्याआल्या त्यानं माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं होतं, आणि हे स्थळ जाऊ नये असं मला पहिल्यांदाच वाटत होतं. मी दाराआडून मामांना हातानं नको, नको म्हणून खुणावलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि म्हणाले, "बापू, आमचा नळ बंद हाय."

मुलाचे काका भडकले. "आमचा पोरगा पोरगी पाहाले आला का पानी वाटाले?"

"काका, पोरगी तं तुमी पाहून राह्यले," मामा म्हणाले. "मंग पोरगा आमी कवा पाहाचा?"

वाद वाढेपर्यंत मुलगा उठून गेलासुद्धा होता. परत आला तेव्हा उंबऱ्यापाशी अडखळला. अर्धे पेले त्याच्याच अंगावर रिते झाले. ऐन थंडीत छातीपासून पोटापर्यंत शर्ट चिंब. पण ट्रे त्यानं सोडला नव्हता. थरथरत तो सगळ्यांपुढे उरलेलं पाणी धरत गेला, आणि शेवटचा पेला दाराआड, माझ्याकडे घेऊन आला. मामा उभे राहून टाळ्या वाजवत होते. "पोट ओलं करून आला! बाई, लग्नाची तारीख काढ!" काकासुद्धा हसले.

गेल्या हिवाळ्यात मामा दवाखान्यात होते. पेल्यानं पाणी प्यायलं की ठसका लागायचा. सकाळी आमचे हे कापसाचा बोळा भिजवून त्यांच्या ओठांना लावायचे आणि मामा तो हळूहळू चोखायचे. एकदा त्यांनी हात उचलून ह्यांचा शर्ट चाचपला. नेहमीप्रमाणे सांडलेलंच होतं. "अजून ओलाच हाय," मामा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय समाधान पसरलं!

मामांना निरोप देताना त्यांच्या पायात मोजे होते. आईचाच हट्ट होता तो.

परवा मावला गावी, मामांच्या घरी, त्यांच्या नातीला बघायला पाहुणे आले. सगळे बसले. मामांच्या रिकाम्या खुर्चीकडे कुणी बघत नव्हतं. भरल्या घरात तोंड न उघडणारे आमचे हे खाकरले, चष्मा काढून पुसायला लागले आणि मुलाला म्हणाले,

"बापू, आमचा नळ बंद हाय."