पातीतलं जर्मन

परवा दुपारी चिखलीला क्लासवर वह्या तपासत बसले होते, तर अमडापूरहून शाहीनचा फोन आला. जर्मनची बी-वन पातळीची परीक्षा पास झाली... आणि बोलण्याच्या पेपरात तर आमच्या बॅचमध्ये सगळ्यात पुढे. आणि याच मुलीचं नाव परीक्षेच्या यादीतून कापायला मी नोव्हेंबरात तिच्या घरी गेले होते.

आधी थोडं सांगते. नर्सिंग झालेल्या मुलामुलींना मी जर्मन शिकवते. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाला ऑनलाइन, आणि रविवारी चिखलीत फळ्यासमोर.

ऑनलाइनचे माझे नियम कडक... कॅमेरा चालू, टेबल-खुर्ची, समोर वही. पुण्यात शिकले ना, तिथली शिस्त अंगात भिनलीय. ऑनलाइन आणि फळा, दोन्हींचा मेळ आपल्याला कसा छान जमलाय, हे मी चार लोकांत मान वर करून सांगायचे.

शाहीन आमची हुशार पोरगी. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलने मुलाखतीत तिला पसंत केलं होतं, अट एकच, जानेवारीत बी-वन पास व्हायचं. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

आणि दसरा झाला तशी ही कॅमेऱ्यातून गायबच झाली. स्क्रीनवर नुसतं नाव... कधी चुकून माइक सुरू राहिला की बायकांच्या गप्पा आणि कसलीतरी सळसळ ऐकू यायची. रविवारीही दांड्या. मेसेज केला की 'सॉरी मॅडम' आणि जोडलेले हात. मला वाटलं, लग्नबिग्न ठरलं असेल, पोरीचं लक्ष उडालं.

परीक्षेला बसणाऱ्यांची यादी पाठवायची वेळ आली. मला खामगावला काम होतं आणि येताना अमडापूर रस्त्यातच लागतं. म्हटलं, नाव काढायचंच आहे तर तोंडावर सांगून काढू, मागून नको. गेले तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, सगळे वावरात आहेत.

वावरात चार बायका कापूस वेचत होत्या. बोंडअळीने बरीच बोंडं पोखरली होती, जो कापूस धड फुटला तो लगेच घरात आणायचा, आणि वेचायला माणसं मिळत नव्हती. त्यामुळे नर्सिंग झालेली पोरगीही पातीला लागली होती. पात म्हणजे वेचताना एकेकीच्या वाट्याला येणारी ओळ.

शाहीनची माझ्याकडे पाठ होती. कमरेला कापसाची ओटी, ओटीत मोबाईल, एका कानात इयरफोन... आणि शेजारच्या पातीतल्या वत्सलाकाकूंना ती खणखणीत जर्मनमध्ये विचारत होती, कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, रात्री झोप लागते का. काकू वऱ्हाडीत उत्तर देत होत्या. शाहीन तेच जर्मनमध्ये म्हणून दाखवायची आणि पुढच्या झाडाला पुढचा प्रश्न. दोघींचे हात एकदाही थांबत नव्हते.

माझ्यातली मास्तरीण कुठली गप्प बसतेय. मी मागूनच काकूंना जर्मनमध्ये विचारलं, कुठे दुखतंय?

काकू साठीच्या पुढच्या, शाळा कधीच सुटलेली. मानसुद्धा वर न करता म्हणाल्या, "इम रुकन." म्हणजे पाठीत. माझ्या क्लासमधली अर्धी मुलं या प्रश्नाला अजून वही उघडायची.

मग त्यांनी वळून बघितलं. म्हणाल्या, "रोज इचारते हे पोरगी. महिन्यापासून मीच पेशंट हाओ तिची."

शाहीनचा चेहरा पांढराफटक. मी कॅमेऱ्याचं विचारलं, तसं ती खाली बघत म्हणाली, "दोन्ही हात कापसात राह्यते मॅडम, मोबाईल ओटीत. कॅमेरा लावला तं तुमाले नुसता कापूसच दिसन."

मला हसू आलं आणि रडूही आलं. यादी पर्समध्ये होती, ती तिथेच राहिली. स्वतःची इतकी लाज फार दिवसांत वाटली नव्हती.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसले, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. जिची पात आधी संपली, ती बाई सावलीला गेली नाही. मागे राहिलेल्या काकूंच्या पातीत ती समोरून शिरली आणि वेचत वेचत त्यांना येऊन भेटली... मग सगळ्या सोबतच पाणी प्यायला आल्या. विचारलं तर म्हणे असंच असते, एकटीला मागं ठेवत नाहीत. आणि माझ्या क्लासमध्ये ज्याचं आधी आटोपायचं तो मोबाईल काढून बसायचा.

पुढच्या रविवारी मी बाकं भिंतीला लावली. जोड्या केल्या, एक नर्स, एक पेशंट, आणि ज्याचं आधी होईल त्याने अडखळणाऱ्याच्या पातीत समोरून शिरायचं. ऑनलाइनला कॅमेऱ्याची सक्ती काढली. धडा ऐका कुठेही, वावरात, एसटीत, चुलीपुढे... फक्त मोठ्याने बोला. वेचणी संपेपर्यंत शाहीनचा रविवार मी फोनवर घेतला. यंदा आमची अख्खी बॅच परीक्षेला बसली, आणि जे अडखळायचे तेही पास झाले. अभिमान वाटतोय, लपवत नाही.

परवा फोनवर शाहीनला विचारलं, घरी सांगितलंस का? म्हणाली, "हाव मॅडम. पहिला फोन वत्सलाकाकूले केला, मंग तुमाले."

काकू काय म्हणाल्या?

"म्हने, दोन महिने मी काय फुकट बिमार होती?"

फोन ठेवला, रजिस्टर उघडलं आणि शाहीनच्या नावाखाली वत्सलाकाकूंचं नाव लिहिलं. दोन महिने, रोज हजर.