करवती काठाचा पुरावा

संग्रहालयात काचेमागं टांगलेलं ते टसरचं लुगडं आमच्या घरचं आहे, हे मला बघताक्षणी कळलं. करवतीच्या दात्यांसारखा तो लाल काठ मी विसरणं शक्यच नव्हतं. मी लहान असताना विणकर सोसायटीची माणसं ते उमरेडहून प्रदर्शनासाठी घेऊन गेली होती, ते परत आलंच नाही. खाली पाटी होती: विणकर अज्ञात. माझं डोकंच फिरलं. अज्ञात म्हणे! तो अज्ञात माणूस, माझे बाबा, उमरेडला ओसरीवर बसून रोज माझ्या फोनची वाट पाहतो.

तिथले साहेब भले होते. म्हणाले, छापील पुरावा आणा, पाटी बदलू. बाबांच्या डोळ्यांदेखत त्यांचं नाव लागावं, एवढंच मला हवं होतं. माग विकल्यापासून ते मन मोडून बसलेत. मी फोनवर सांगितलं तेव्हा नुसतं "हूं" म्हणाले.

मग शाळेत शिकवून झालं की वाचनालय, असे सहा महिने काढले. कलेच्या कपाटातलं एकूण एक पुस्तक उपसलं. चित्रं, मूर्ती, देवळं, राजांचे दागिने. धुळीनं शिंकून शिंकून जीव नकोसा झाला. घरी येऊन कुकर लावताना वाटायचं, कुणी सांगितल्यात या नसत्या उठाठेवी?

शेवटी ग्रंथपालालाच माझी दया आली.

"मॅडम, काहून हैराण होऊन राहिल्या? काय पाहिजे तुम्हाले?"

"एका लुगड्याची माहिती."

"मंग कलेत काहून शोधून राहिल्या? ते उद्योगात भेटंन ना! तिकडं, साबण अन् अगरबत्तीच्या बाजूले."

असा संताप आला! पण भांडायचं त्राण नव्हतं. आणि खरंच, अगरबत्तीच्या पुस्तकाला चिकटून त्याच प्रदर्शनाची पातळशी पुस्तिका होती. तेच लुगडं, आणि खाली बाबांचं पूर्ण नाव, गावासकट. मी तिथंच फरशीवर बसून रडले.

रविवारी रंगीत झेरॉक्स घेऊन एसटीनं उमरेड गाठलं. बाबांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, काठावरून अंगठा फिरवला.

"हे माह्यं नाही वं."

"बाबा, खाली तुमचं नाव आहे!"

"नाव माह्यं आहे. काम तुह्या मायचं आहे. माह्या काठाचे दात मोठे. इतके बारीक दात तिचेच. मी टायफॉईडनं पडलो होतो, तवा तीच मागावर बसली. सोसायटीत बाईचं नाव घेत नव्हते, म्हणून माह्यं दिलं."

माय जाऊन बारा वर्षं झाली. मला ती फक्त कांड्यांवर सूत भरताना आठवते. ती मागावर बसायची, हे मला, तिच्या पोटच्या पोरीला, ठाऊक नव्हतं. स्वतःचीच लाज वाटली.

"इतकी वर्षं काहून नाही सांगितलं, बाबा?"

"कोणी विचारलं नाही." मग चष्मा काढत म्हणाले, "अन् मलेही बरं वाटलं होतं, नाव छापून आलं तं."

त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. डोळे भरले होते.

"आता तिचं पाह्य. एवढी पुस्तकं आहेत तिकडं, एखाद्यात असंन."

कलेचं अख्खं कपाट मी उपसलं होतं, ती पुस्तिकाही पानन् पान पाहिली होती. माय कुठंच नव्हती.

"पाहते, बाबा," म्हटलं.