सासूबाईंनी न पाहिलेला धबधबा

आमच्या सासूबाईंनी लहानपणी गोकाकचा धबधबा पाहिला आहे, हे भूममधल्या आमच्या गल्लीत प्रत्येक बाईला माहीत होतं. त्यांचं माहेर कर्नाटकात, जमखंडीच्या बाजूला. वडिलांनी बैलगाडीतून भावंडांना नेलं, वाटेत एक बैल बसला तो उठेचना, धबधब्याचा आवाज लांबूनच यायचा आणि पाणी दुधासारखं पांढरं. लग्न होऊन मी या घरात आले त्याच वर्षी हे ऐकलं. पुढं दर उन्हाळ्यात, नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायला लागलं की घागरी भरता भरता कुणीतरी म्हणायचंच, "आक्का, ते धबधब्याचं सांगा."

दोन वर्षांपूर्वी सोमवारच्या भजनाच्या बायकांनी ठरवलं की श्रावणात गाडी करून गोकाकलाच जायचं. वाट दाखवायला आक्का आहेतच. सासूबाई तिथं हो म्हणाल्या आणि घरी येऊन तीन दिवस धड जेवल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी महिन्याच्या किराण्याची यादी करत बसले होते, तेव्हा त्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या.

"तुझ्या वहीत एक काम लिहून घे. श्रावणाच्या आधी मला गोकाक दाखवून आण."

मी म्हटलं, आत्या, श्रावणात सगळ्या जाणारच आहोत की.

"त्यांच्या आधी बघायचाय. मी न्हाय बघितलेला."

बैलगाडी गेली होती हे खरं. पण सासूबाईंना गोवर आला म्हणून घरी ठेवलं होतं. थोरली बहीण परत आली आणि आठवडाभर तेच सांगत राहिली. पुढं लग्न होऊन त्या भूमला आल्या तेव्हा मराठी नीट येत नव्हतं. आडावर बायका विचारायच्या, तुमच्या मुलखात काय आहे? सलग सांगता येण्यासारखी ही एकच गोष्ट त्यांच्याकडं होती. पहिल्यांदा सांगतानाच त्यांनी स्वतःला गाडीत बसवून टाकलं. नंतर उतरायचं कसं ते कळलं नाही.

"आता सगळ्यांच्या पुढं चालायचं आणि तिथलं देऊळ कुठल्या अंगाला तेवढंही ठाऊक न्हाय," त्या म्हणाल्या. "या वयात लबाड ठरीन."

मला एखाद्या गोष्टीवर फार चर्चा करत बसायला आवडत नाही. मी वहीचं नवं पान उघडलं. भूम ते बार्शी, बार्शी ते सोलापूर, पुढं कर्नाटकच्या गाडीनं विजापूर. विजापुरात त्यांच्या भाचीकडं मुक्काम, दुसऱ्या दिवशी गोकाक, आणि परतीचा प्रवास त्याच वाटेनं. नवऱ्याला खरं सांगितलं. बाकी सगळ्यांना भाचीकडं जातोय असं सांगितलं आणि तेही खोटं नव्हतं. बॅग हातात नको, कारण माझा एक हात बसच्या दांड्याला आणि एक त्यांना धरायला मोकळा हवा. म्हणून मुलाच्या कॉलेजच्या दोन सॅक माळ्यावरून काढल्या. सासूबाईंनी इरकलीवर सॅक अडकवली, अंगणात तीन फेऱ्या मारल्या आणि डावा पट्टा आवळून मागितला.

स्टँडवर ओळखीच्या एका बाईनं त्यांना पाहिलं आणि विचारलं, "आक्का, शाळेत नाव घातलं का काय?"

"व्हय, पहिलीत," त्या म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

विजापुरात सकाळी माझं वेळापत्रक कोलमडलं. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नाहीत. रोज घरात बघते, तरी यादीत त्यासाठी वेळ धरला नव्हता. तळहातावर लिंग घेऊन त्या शांत बसल्या आणि सहाची गाडी गेली. साडेसातची मिळाली.

त्या गाडीत कंडक्टरशी कन्नडमध्ये त्यांच्या गप्पा रंगल्या. इतकं सलग कन्नड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तिकडं बायकांना एसटी फुकट आहे, पण आधार कार्ड तिथलं लागतं. कंडक्टर तसलंच तिकीट द्यायला निघाला होता, तेवढ्यात त्यानं कार्डावरचा पत्ता पाहिला. त्याचं म्हणणं सासूबाईंनी मला नंतर मराठीत सांगितलं: आजी, जीभ इथली आहे आणि कार्ड तिथलं, मशिनला फक्त कार्ड कळतं. आम्ही साधी तिकिटं घेतली. पण त्यानं आपल्याला आधी तिथलीच समजलं, याचा आनंद त्यांना गोकाक येईपर्यंत पुरला.

गोकाकहून रिक्षानं धबधब्यापर्यंत गेलो. रिक्षातून उतरून थोडं चाललो आणि सासूबाई एका दगडावर बसल्या. खांदे दुखतात म्हणाल्या. माझेही दुखत होते. एवढं काय भरलंय म्हणून मी सॅक उघडली. माझ्या सॅकमध्ये पाण्याच्या चार बाटल्या, त्यांच्या सॅकमध्ये चार. सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. भूमहून निघताना भरल्या होत्या आणि भाचीकडं पुन्हा भरून घेतल्या होत्या. कुठंही निघालं की माझ्या यादीत पहिली ओळ पाण्याची असते. ती मी विचार करून लिहीत नाही, हात लिहितो. समोर कड्यावरून अख्खी नदी खाली पडत होती आणि तुषार आमच्या चष्म्यावर येत होते.

सासूबाईंनी बाटल्यांकडं पाहिलं, धबधब्याकडं पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावावा लागेपर्यंत हसल्या. घरून निघाल्यापासून एवढ्या पहिल्यांदाच हसल्या.

मग आम्ही कठड्यापाशी गेलो. आवाज त्या सांगायच्या तसाच होता. मला काही सांगायचं तर त्यांना माझं डोकं खाली ओढावं लागत होतं. पण पाणी लाल होतं, कमी दुधाच्या चहासारखं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "पांढरं न्हाय."

मला लगेच उपाय सुचला. पावसाळ्यात माती वाहून येते, म्हणून लाल. बहीण हिवाळ्यात आली असणार. तुम्ही हिवाळ्यात बघितलं होतं असं सांगा, प्रश्न मिटला. हे सगळं मी ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि ती हो अशी हलवली नव्हती.

बाजूला एक बाई मक्याची कणसं भाजत होती. तिनं सासूबाईंना कन्नडमध्ये विचारलं, पहिल्यांदाच आलात का? एवढं कन्नड मला कळतं.

"पहिल्यांदाच," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "बहीण येऊन गेली होती. माझं राहिलं होतं."

त्या बाईला यात काही विशेष वाटलं नाही. तिनं कणसाला लिंबू-तिखट चोळून दिलं आणि देवळाच्या बाजूनं गेलात तर सगळा दिसतो म्हणून वाट दाखवली. तिथं आम्ही तासभर उभ्या होतो. मी चाळीस मिनिटं धरली होती, पण ते बोलले नाही.

पुढच्या सोमवारी आमच्या घरचं भजन संपल्यावर, बायका उठायच्या आत, सासूबाईंनी सगळं सांगितलं. गोवरही सांगितला. दोन-तीन वाक्यांत संपवलं. मी सतरंजी गुंडाळायला आले होते, ती तशीच धरून उभी राहिले.

टाळ वाजवणारी त्यांची सगळ्यात जुनी मैत्रीण म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आम्हाला फसवलंस?"

"व्हय."

"आणि तो बसलेला बैल?"

"बैल खरा आहे. बहिणीनं बघितलेला."

बहुतेक जणी हसल्या. एक मात्र खरंच रागावली. मी माझ्या नातवंडांना हे सांगत आले, आता त्यांना काय सांगू, असं म्हणून ती चहा न घेता गेली. सासूबाई दारापर्यंत तिच्या मागं गेल्या आणि तशाच परत आल्या. मग मैत्रिणीनं विचारलं, "आता आम्हाला वाट कोण दाखवणार गं?"

"मीच. माझ्याशिवाय बघितलाय का इथं कुणी?"

दोन दिवसांनी रागावलेली बाई घरी आली. माफी वगैरे विषय निघाला नाही. मला खिडकीपाशी जागा ठेव, एवढं माझ्या वहीत लिहायला सांगून गेली.

श्रावणात आम्ही तेरा जणी गेलो. सासूबाई ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या होत्या. धबधब्यापाशी त्या दोघी-दोघी बायकांना हाताला धरून देवळाच्या बाजूला नेत होत्या आणि प्रत्येक जोडीला एवढंच सांगत होत्या: "इथून सगळा दिसतो. पण आधी पायाखाली बघा, शेवाळ लई आहे."