रस्त्याकडेचं दुकान

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गोव्यातल्या चोपडे गावची ती बाई म्हापशाच्या बाजारात तिसऱ्या-शिंपल्या विकायची आणि संध्याकाळी हरमलच्या बसमध्ये माझ्याशेजारी बसायची. रिकामी पाटी पायाशी सरकवली की ती लॉटरीचं तिकीट काढायची. ओल्या बोटांचा डाग पडू नये म्हणून ते पदराने धरायची.

"लागली ना बाय, तर अर्धे बँकेत फिक्स टाकतलंय. अर्ध्यात रस्त्याकडेन दुकान. मगे झील कित्याक थंय ऱ्हातलो?"

झील म्हणजे तिचा एकुलता मुलगा. पोर्तुगीज पासपोर्ट करून तो इंग्लंडला गेला होता आणि तिथल्या एका गोदामात कामाला होता. त्याच्या दुकानाचं दार कुठल्या बाजूला ठेवायचं, हेसुद्धा तिने ठरवलं होतं.

यंदा चतुर्थीनंतर तिच्या हातात तिकीट दिसेना. शेवटी मी विचारलं, "मावशी, हल्ली तिकीट घेत नाहीस?"

"चवथीक झील इल्लो. त्याका सगळा सांगलंय," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तो म्हणता, आई, तुका लॉटरी लागली तरी मी परत येवचंय नाय."

चोपडे आलं. पाटी उचलून उतरता उतरता ती थांबली.

"पैसे नाय म्हणान तो येना, असा वाटत होता ना बाय, तेव्हाच बरा होता."